सातवं कोंदण

वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून त्या बाई बावीस वर्षं जुन्या दागिन्यांची डागडुजी करत होत्या. सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. हात स्थिर, नजर तीक्ष्ण आणि जीभ त्याहून. सध्या टेबलावर आठशे वर्षांपूर्वीचा सोन्याचा ब्रोच होता. झग्याच्या गळ्याशी टाचायचा, तळहाताएवढा. कडेने सात कोंदणं. सहांत घासून गुळगुळीत केलेले तामड्याचे खडे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल. सातवं रिकामं.

रिकामं म्हणजे खडा पडलेला नव्हे. भिंगाखाली कड स्वच्छ उभी दिसत होती. खडा धरून ठेवायला ती कधी दुमडलीच नव्हती. घडवणाऱ्याने ते मोकळंच सोडलं होतं.

"पोस्टरवर दात पडल्यासारखं दिसतंय," संचालक म्हणाले. माणूस नवा होता आणि सदा घाईत. "लाल काच बसवा. परवा प्रदर्शनाचं उद्घाटन आहे."

"घडवणाऱ्यानेच सोडलंय, साहेब. आपण कोण भरणारे?"

"बाई, मी मत नाही मागितलं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी काच घासली, चिमट्याने कोंदणात ठेवली, कड अलगद दुमडली. जेवून परत आल्या तर काच टेबलावर पडलेली, आणि कड सरळ उभी. सोनं मऊ असतं, दुमडलं की खूण राहतेच. इथे खूणही नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली. काच बसवली आणि पेन घ्यायला वळल्या. मागे टिक्‌ असा आवाज झाला.

काच पुन्हा बाहेर होती. त्यांनी रिकाम्या कोंदणाला मनगट लावलं. बाकी सोनं गार होतं. तेवढंच तापाच्या कपाळासारखं कढत.

हे सांगितल्यावर संचालक सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर ओरडले, "मुद्दाम करताय तुम्ही! नाचता येईना अंगण वाकडं! उद्याच चौकशी लावतो."

बावीस वर्षांत एक खडा इकडचा तिकडे झाला नव्हता. बाई कडाडल्या.

"मग नाचा की तुम्ही! या, बसवा स्वतःच्या हाताने!"

ते तरातरा खोलीत आले. बाईंनी पुढे केलेले हातमोजे त्यांनी झिडकारले आणि उघड्या अंगठ्याने काच कोंदणात दाबली. कड त्यांनी दुमडली की आपली आपण मिटली, हे बाईंना नीट दिसलं नाही.

"स्स!" त्यांनी अंगठा तोंडात घातला. "चटका बसला. पण बसली ना काच? एवढ्यासाठी दोन दिवस!"

काच बसली ती बसलीच. संध्याकाळपर्यंत हलली नाही. बाई घरी गेल्या त्या दातओठ खात.

सकाळी हजेरीच्या यंत्रापाशी गर्दी जमली होती. संचालक पुन्हा पुन्हा अंगठा लावत होते आणि यंत्र लाल दिवा दाखवत होतं. त्यांनी अंगठा रुमालाने पुसला, यंत्रावर थाप मारली, पहारेकऱ्याला शिव्या घातल्या.

पहारेकऱ्याने त्यांचा हात उजेडात धरला आणि लगेच सोडून दिला.

"साहेब... रेषाच नाहीत हो."

अंगठा चिनीमातीसारखा गुळगुळीत होता.

संचालकांनी बाईंकडे पाहिलं. "काय लावलं होतंत त्या काचेला?"



बाई तडक खोलीत गेल्या आणि त्यांनी ब्रोच भिंगाखाली धरला.

काल आरपार दिसणाऱ्या काचेत, अगदी खोल, बारीक रेषा होत्या. एकात एक वळत गेलेल्या.

शेजारच्या तामड्यातही होत्या. इतके दिवस त्यांना तो दगडाचाच दोष वाटला होता.

त्यांनी पुढचा पाहिला. मग त्याच्या पुढचा. एकाची वळणं दुसऱ्याशी जुळत नव्हती.

सहाव्यातल्या रेषा इतक्या नाजूक, इतक्या दाट होत्या की जास्त ताकदीचं भिंग घ्यावं लागलं.

तो अंगठा चार-पाच वर्षांच्या मुलाचा असावा.