चपला हातात घेऊन

सासूबाई आल्या त्या तीन महिन्यांच्या बोलीवर. परतीचं तिकीट, मधुमेहाच्या गोळ्या, गोडा मसाला, सगळं त्या मापाने आणलेलं. मग विमानं बंद झाली आणि त्या डेल्फ्ट या डच शहरातल्या आमच्या अरुंद, उंच घरात अडकून पडल्या. यतीन, म्हणजे माझा नवरा, तळमजल्यावर बसून आयंडहोवनच्या चिप कंपनीचं काम करायचा. मधल्या मजल्यावर मी कॅमेऱ्यासमोर बसून विद्यार्थ्यांना सतरावं शतक शिकवायची. दिवसभर कुणाला तरी चहा हवा असायचा. मी दमले होते. घरातल्या माणसांनी दमले होते आणि बाहेर माणसंच नाहीत म्हणूनही दमले होते.

हे घर मी पसंत केलं ते माळ्यासाठी. माझा विषयच तो. धर्माची उलथापालथ झाली तेव्हा या देशात ठिकठिकाणी चर्चमधल्या मूर्ती ओढून फोडल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला, आणि जुन्या पंथाच्या लोकांना उघड प्रार्थनेची बंदी झाली. मग ते कुणाच्या तरी माळ्यावर गुपचूप जमू लागले. बाहेरून घर, आत देऊळ. गाणं हळू आवाजात, घंटा अजिबात नाही. शहराच्या अधिकाऱ्यांना सगळं ठाऊक असायचं, पण दिसलं नाही म्हणजे नाही, असा मामला. आमच्या माळ्यावरही लोक असेच जमायचे, असं घरमालक म्हणाला होता. मला कौतुक वाटलं. भीतीचा प्रश्नच नव्हता. मी वर इस्त्रीचं टेबल आणि रिकामी खोकी ठेवली.

सप्टेंबरात पुण्यात शैलामावशी गेल्या. आईंची, म्हणजे सासूबाईंची, थोरली बहीण. हॉस्पिटलमधून परस्पर नेलं, घरच्यांना तोंडही बघायला मिळालं नाही.

मावशी कुणाच्या घरात निवांत बसल्याचं मला आठवत नाही. दारातच उभ्या, पायात चपला तशाच. "चल सुहास, निघूया," आईंना हाक मारायच्या. नाटकाला की मंडईत, ते सांगायच्या नाहीत आणि आई विचारायच्याही नाहीत. पदर सारखा करायच्या आणि निघायच्या. मावशींच्या उजव्या कोल्हापुरीचा अंगठा नेहमी तुटायचा. आई इकडे यायला निघाल्या त्या दिवशीही ऐन दारात तुटला. मावशींनी पर्समधून हिरवा दोरा काढला आणि उभ्याउभ्याच शिवला. तीच दोघींची शेवटची भेट.

बातमी आल्यापासून आईंनी जेवण टाकलं. दोन घास भात, तोही चिवडून ठेवायच्या. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, फोनवर म्हणाला की पॅरासिटामॉल द्या आणि वाट बघा. इथे कशालाही हेच सांगतात. साखर खाली-वर व्हायला लागली. या बाईंना धडधाकट पुण्याला पोचवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. माझं आणि त्यांचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. पण माझी आई मी लहान असताना गेली, आणि लग्नानंतर 'आई' म्हणायला मला या एकच मिळाल्या होत्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, "माळ्यावर देव मांडू का गं?"

"मांडा की."

त्यानंतर त्या जेवायला लागल्या. एका रविवारी तर पूजा आटोपून खाली आल्या आणि स्वतःहून थालीपीठ मागून घेतलं.

"वर बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "माणसं येतात."

"कोण माणसं?"

"रविवारी येतात. बायकाच जास्त. डोक्याला पांढरे रुमाल. बोलत नाहीत फारसं, पण रीत बघ! यांना कुणी शिकवली कोण जाणे. चपला खालीच काढतात आणि हातात घेऊन वर येतात. देवापुढे अनवाणी."

माझा हात पिठातच राहिला. चोरून जमणारी माणसं जोडे हातात घेतात, ते पायरी वाजू नये म्हणून. त्यात देवाचा काय संबंध? आणि मी आईंना त्या माळ्याबद्दल कधीच काही बोलले नव्हते. माझं सतरावं शतक जेवणाच्या टेबलावर काढायचं नाही, असं यतीनने लग्न झाल्या झाल्याच बजावलं होतं.

यतीनला सांगितलं तर तो म्हणाला, "एकटी पडलीय गं. जेवतेय ना? मग येऊ देत की त्यांना."

तेही खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात इस्त्रीला वर गेले तर देवांजवळच्या घंटेच्या लोळ्याला रुमाल घट्ट गुंडाळलेला दिसला.

"आई, हे काय?"

"दचकतात गं," त्या कुजबुजल्या.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. घरात दिवसाला एकच पाहुणा, असा नियम आला. एका रविवारी सकाळी दारावर खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा माणूस उभा. निळं जाकीट, थकलेले डोळे. कालव्यापलीकडच्या बाईंनी तक्रार केली होती. तुमच्याकडे दर रविवारी मागच्या दाराने एकेक करून बरीच माणसं शिरतात, म्हणे.

मी हसले. "वर माझ्या सासूबाई पूजा करतायत. एकट्याच आहेत. हवं तर बघून घ्या."

तो माझ्यामागून जिना चढला. माळ्याचं दार मीच उघडलं. आई पाटावर बसल्या होत्या, समोर निरांजन. हीटर बंद होता आणि बाहेर बर्फ, तरी आत ऊब होती. खिडकीची काच वरपासून खालपर्यंत वाफेने भरली होती. ओल्या लोकरीचा वास येत होता. आमच्या घरात लोकरीचं काही नाही.

त्या माणसाने मास्क वर ओढला. रिकाम्या खोलीतून तो सरळ चालत गेला नाही. भिंतीला अंग चोरून, पाय जपून टाकत, "पार्डोन, पार्डोन" अशी माफी पुटपुटत खिडकीपर्यंत गेला आणि तसाच परत आला. आपण काय केलं हे त्यालाही कळलं नसावं.

खाली आल्यावर त्याने कपाळाचा घाम पुसला. "मला काही दिसलं नाही," तो म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, "फक्त जरा हळू."

तो गेल्यावर मी दार लावलं. मी यतीनला म्हटलं, आता मिळेल ते पहिलं तिकीट काढ. तिकडची विमानं सुरू झाली होती. पण आई निघायला तयार नव्हत्या.

"शैला यायला लागलीय," त्या म्हणाल्या. अगदी साध्या सुरात. "कालपरवापासूनच. मागे बसते, दारापाशी. ज्यांना कुठे जमू दिलं नाही तेच येतात ना इथे. तिचं तरी कुणाला काय करू दिलं?"

मला रडूच आलं. मी त्यांचे हात धरले, म्हटलं, "तुम्हाला इथे काही झालं तर मी काय करू, आई?"

त्यांनी माझे डोळे पुसले. मग एका अटीवर तयार झाल्या: माळ्याचं दार लावायचं नाही आणि घंटेचा रुमाल सोडायचा नाही. मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

त्या पुण्याला पोचल्या. साखर ताळ्यावर आली. आवाज खणखणीत झाला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग आला रविवार. यतीन सायकल घेऊन बाहेर गेला होता. मी ओट्यापाशी एकटीच चहा घेत होते आणि जिना वाजला. वाजला म्हणजे काय, कुरकुरला. एकामागून एक, मऊ, जपून टाकलेली पावलं. वर, आणखी वर.

मला भीती वाटण्याआधी संताप आला. वर्षभर साचलेला शीण डोक्यात गेला. मी शिकलेली बाई, हाच विषय शिकवून पोट भरते, आणि माझ्याच घरात मी कप हातात धरून थिजून बसायचं? एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावू म्हटलं. तरातरा वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. काच वाफेने भरलेली.

मी रुमाल सोडला आणि घंटा वाजवली.

आधी काहीच झालं नाही.

मग सगळी जमीन एकदम हलली. अनवाणी पावलांचा लोंढा माझ्या दोन्ही अंगांनी गेला. थंड बाहीसारखं काहीतरी मनगटाला घासलं. जिन्यात काहीतरी थपकन पडलं. खाली मागचं दार आपटलं.

काचेवरची वाफ हळूहळू विरली.

तेवढ्यात फोन आला. साधाच फोन, आईंना व्हिडिओ आवडत नाही.

"अगं स्नेहल, आत्ता शैला आली. केवढी धापा टाकतेय! कुणीतरी घंटा वाजवली म्हणे, सगळे पळाले."

मी माळ्याच्या दाराशी आले.

"अनवाणीच आलीय बघ. चपला तुमच्या जिन्यात पडल्या म्हणते. त्या मिळाल्या की निघूया म्हणते. बघतेस का जरा?"

"कुठे निघायचं, आई?"

"ते ती कधी सांगते का?" आई हसल्या. कितीतरी महिन्यांनी इतक्या मोकळ्या हसल्या.

मी फोन कानाला लावूनच जिन्यात आले. वळणावरच्या पायरीवर कोल्हापुरी चपला पडल्या होत्या. एक सुलटी, एक उलटी. उजवीच्या अंगठ्याला हिरवा दोरा.

"नाही हो आई," मी म्हटलं. "इथे काहीच नाही."

त्या चपला मी मधल्या मजल्यावरच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. यतीनला सांगितलेलं नाही. आई छान आहेत. जेवतात, फिरायला जातात. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "सापडल्या का गं?" "नाही हो आई." तेवढ्यात जिना कुरकुरतो. आता एकाच माणसाची पावलं असतात. माळ्यावर जात नाहीत, मधल्या मजल्यावर येऊन माझ्यासमोर थांबतात. मी बाजूला सरकत नाही. फार दमले आहे, पण सरकत नाही.

आज आई पलीकडे कुणाशी तरी बोलत होत्या. मग मला म्हणाल्या, "अगं, शैला विचारतेय, तू त्या कपाटाला पाठ लावून का उभी आहेस?"