दुपारी बसणारा आवाज

मंगळवारी सकाळी पावणेअकराला नारायणगावात, एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या साउंड दुरुस्तीच्या दुकानात एक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आला. आणणाऱ्याने तो मोटारसायकलच्या मागे सतरंजीत गुंडाळून दोरीने आवळला होता. दुकानात नूतन एकटीच होती.

"काय होतंय त्याला?" तिने विचारलं.

"आवाज बसलाय."

"बसलाय म्हणजे? येतच नाही?"

"येतो. पण घोंगडीत तोंड घालून कोणी बोलावं, तसा येतो." तो सतरंजी उलगडत होता, अगदी झोपलेल्या बाळाची उलगडावी तशी. "खालचे सूर चिखलात रुतल्यासारखे. वरचे तर नायच. आणि मधूनच कढईत जिरं टाकल्यासारखं तडतडतं."

नूतनने मान वर केली. गिऱ्हाईक सहसा 'वाजत न्हाई, बघा ताई' एवढंच सांगून चहाला जातं. इतकं नीट ऐकणारा माणूस तिच्या काउंटरवर पहिल्यांदाच आला होता. सावळा, शिडशिडीत. खांद्याला लसींचा निळा डबा.

"दवाखान्यात असता?"

"बोरी बुद्रुकच्या उपकेंद्रात. आरोग्यसेवक. ऋतिक असवले. गाव आहुपे, वर डोंगरात."

बोरी बुद्रुक म्हणजे नूतनचं स्वतःचं गाव. पण ती सकाळी निघायची ती अंधार पडता पडता परतायची, त्यामुळे गावात कोण नवं आलं हे तिला सर्वांत शेवटी कळायचं. तिने ते त्याला सांगितलं नाही. मागची फळी खोलली आणि आत काचेच्या नळ्यांची रांग पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, "व्हॉल्व्हचा आहे की!"

"एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांच्याकडून घेतला. जुना आहे फार."

"जुना नाही म्हणायचं. मुरलेला म्हणायचं."

हे दुकान तिच्या मामाचं, हौशीरामचं. मामाची हयात तमाशाच्या फडांचे कर्णे आणि अ‍ॅम्प्लिफायर सांभाळण्यात गेली. भाची बारावीनंतर सुट्टीत बसायला आली आणि सोल्डरचा वास तिला असा लागला की परत गेलीच नाही. मामाची नजर अधू झाली तेव्हापासून दुकान तीच चालवत होती. कामं मात्र डीजेवाल्यांच्या जळलेल्या पेट्यांची, देवळाच्या माइकची, नाहीतर मोटारीच्या स्टार्टरची. व्हॉल्व्ह तिने मामा दुकानात बसायचा तेव्हाच काय ते पाहिले होते.

तिने स्विच टाकला. काचेत निखाऱ्यासारखा तांबूस उजेड धरला. मग पेन्सिल घेऊन ती एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टिचक्या मारू लागली.

"हे काय, दार वाजवताय का?"

"हो. आत कोण कुरकुरतंय ते बघतेय."

तिसऱ्या टिचकीला स्पीकर कडकडला. व्हॉल्व्ह चांगला होता. तो ज्यात बसतो त्या सॉकेटचं सोल्डर तडकलं होतं. तिने जुनं काढलं, नवं लावलं. "वाजवा."

त्याने सोबत आणलेली गिटार जोडून उभ्याउभ्याच वाजवलं. भात लावताना आहुप्याच्या बाया वाकून जे गातात, ते गाणं. एक सूर पुढे, मग सगळ्यांनी मिळून मागे. त्याच्या आईचं ते आवडतं, असं तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. नूतन सोल्डरिंगची कांडी पुसत राहिली. ती केव्हाच पुसून झाली होती.

तो दोरी बांधायला लागला तेव्हा ती म्हणाली, "सगळं नारायणगाव मला ताई म्हणतं. तुम्ही आल्यापासून एकदाही म्हणाला नाहीत."

"घाई काय आहे," तो म्हणाला, आणि गाठ मारून निघून गेला.

शुक्रवारी तो परत आला. तडतड गेली होती, पण आवाज पुन्हा घोंगडीत. नूतनने दुकानात लावून पाहिला तर ठणठणीत. तरी तिने मामाच्या डब्यातले व्हॉल्व्ह बदलून पाहिले, संशय आलेला एक कंडेन्सर काढून नवा टाकला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दारात.

"असवले, खराबी अ‍ॅम्पात नाही. तुमच्या मोटारसायकलीत आहे. आपोआप इकडे वळते."

"वळते. ते खरंय." त्याने नजर चुकवली नाही. "पण आवाजाचं मी खोटं नाय सांगणार. तिकडं खोडदला रेडिओच्या मोठाल्या दुर्बिणी लावून आभाळातलं ऐकतात, आणि तुम्हाला बोरीतलं ऐकू येईना?"

हा टोला तिला लागला. दुसरं कोणी बोललं असतं तर तिने पेटी उचलून रस्त्यावर ठेवली असती. "सकाळी वाजवून पाहिलंत कधी?"

"सकाळी मी वस्त्यांवर असतो. खोलीवर येतो दुपारी चारनंतर."

"खोली कुठं?"

"कोरडे मळ्याच्या कडेला."

 कोरडे मळा नूतनच्या वडिलांचा होता.

घरी त्या आठवड्यात निराळीच गडबड होती. सयाजी कोरडे यांनी लेकीसाठी मंचरचं स्थळ पाहिलं होतं. माणसं चांगली, बागायत चांगली. रविवारी सुपारी फोडायची ठरली होती. मुलाकडच्यांचं एकच म्हणणं होतं: सुनेने दुकानात पाने-पकडी घेऊन बसणं त्यांच्यात चालायचं नाही. नूतनने 'मला नको' असं दोनदा सांगितलं होतं. सयाजींनी दोन्ही वेळा "व्हतं सगळं नीट," म्हणून टोपी डोक्यावर ठेवली होती. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त ऐकू आलं नव्हतं.

शनिवारी ती दुकान लवकर बंद करून निघाली. व्होल्टेज मोजायचा मीटर पिशवीत घातला आणि स्कूटी थेट ऋतिकच्या खोलीसमोर, रस्त्यावरून दिसेल अशी लावली.

तो दारातच गोंधळला. "तुम्ही? इथं?... दार लोटून घेऊ का? लोक बघतात."

"उघडं ठेवा. चांगलं सताड. बघणाऱ्यांना मीटरचा आकडासुद्धा दिसू दे."

खोलीत खाट, गिटार, अ‍ॅम्प, भिंतीला लसीकरणाचा तक्ता. बल्ब पांढराशुभ्र जळत होता. नूतनने प्लगमध्ये मीटरच्या पिना घातल्या आणि आकडा त्याच्यापुढे धरला.

"एकशे साठ," त्याने वाचलं. "किती पाहिजे?"

"दोनशे तीस."

"पण बल्ब तर झकास चाललाय."

"हे नवे बल्ब लबाड असतात. वीज निम्मी झाली तरी चेहरा पाडत नाहीत. मोबाइलचा चार्जर तसाच. आख्ख्या वस्तीत कुणाला पत्ता नाही. तुमचा व्हॉल्व्ह तेवढा खरं बोलतोय. त्याला पोटभर मिळत नाही, म्हणून त्याचा आवाज बसतो." बोलता बोलता ती थांबली. "शेतीची थ्री फेज कधी गेली आज?"

"मघाशीच. चारला."

ती दारात गेली. समोर कांद्याचे वाफे, पलीकडे विहीर, आणि विहिरीवरच्या पाइपातून धो-धो पाणी. थ्री फेज नसताना. नूतनने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

"काय झालं?"

"ती मोटार आमच्या आबांची. घरगुती सिंगल फेजवरही चालावी म्हणून तिला कंडेन्सरची पेटी मी बसवून दिलीय. माझ्या हातांनी. वर गावभर मिरवले की बघा, आमच्या मळ्यात वीज गेली तरी पाणी थांबत नाही. ती मोटार सगळ्या लाइनीचं रक्त पिते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मग ज्याने त्याने पेट्या बनवून घेतल्या. पण तुमच्या लाइनीवर मोटार एकच, आमची."

ऋतिक गिटार घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर, उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. "म्हणजे माझा आवाज तुम्हीच बसवला."

"आणि तुम्ही दुरुस्तीला माझ्याकडेच आलात."

"दुसरीकडं जायची इच्छाच नव्हती."

वाऱ्यावर कांद्याच्या पातीचा उग्र वास आला. रस्त्यावरून जाणारी एक मोटारसायकल स्कूटीपाशी हळू झाली आणि पुढे गेली. नूतनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, ती दिसेनाशी होईपर्यंत.

"उद्या पाहुणे येणार आहेत," ती म्हणाली.

"माहितीये. लस टोचताना गावातलं सगळं कळतं."

"मग काही बोलला नाहीत?"

त्याने गिटारची एक तार नुसतीच दाबून सोडली. "मी आधी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, डोंगरातला पोरगा, नोकरी लागली, आता मळेवाल्याच्या पोरीवर डोळा. लोकांचं मी सोसलं असतं. पण तुम्हाला तसं वाटलं असतं तर..." तो जरा अडला. "तुमच्या मनात असेल तर मी आईला घेऊन तुमच्या दारात येतो. मागच्या नाय. पुढच्या."

नूतनने मीटर पिशवीत घातला. "माझ्या मनात काय आहे ते जिथं सांगायला पाहिजे तिथं आधी सांगून येते. तू वाजवत राहा."

'तू' दोघांनीही ऐकलं. 

"आवाज बसलेलाच येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. थांबायचं नाही."

बांधावरून जाताना तिने मंचरला फोन लावला. उद्या येऊ नका, मुलीनेच नकार दिलाय, तुमच्यात काही उणं नाही, असं तिने सरळ सांगितलं. पलीकडून आधी "कोण बोलतंय?" आलं, मग नुसता श्वास. मग फोन बंद झाला.

सयाजी खोऱ्याने बारं मोडत, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवत होते. लेक मोटारीच्या पेटीपाशी गेलेली त्यांनी पाहिली. तिने फ्यूजची ग्रिप ओढून काढली. मोटार घरघरत थांबली, पाइपातली धार बारीक झाली आणि तुटली.

"बिघडली का काय गं?"

"नाही आबा. मी बंद केली."

"आगं, वाफा आर्धा राह्यलाय."

पाण्याचा आवाज थांबला तसा पलीकडून गिटारचा आवाज आला. घोंगडी अंगावरून ओढून काढल्यासारखा, मोकळा. एक सूर पुढे, मग सगळे मिळून मागे. सयाजींनी खोरं टेकवलं.

"कोन वाजवतंय ह्ये?"

"ऋतिक असवले. तुमचं बीपी बघतात ते."

"आपलं डॉक्टर? लई ग्वाड वाजवतंय की."

"आबा, मला त्यांच्याशी लग्न करायचंय."

सयाजींनी खोरं उचललं. मग खोऱ्याची माती अंगठ्याने काढत म्हणाले, "म्हादेव कोळी हाय त्यो."

"हो."

"आन् आपुन?"

"मराठे. ठाऊक आहे मला. विसरून बोलत नाहीये."

"मंचरची मान्सं उद्या दारात येत्यात, नूतन."

"येणार नाहीत. मी आत्ताच फोन केला. तुमच्यावर नाही म्हणायची वेळ नको यायला."

"तू? तू फोन क्येला?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आन् माजी इज्जत?"

"मी रात्रीतून पळून गेले असते तर ती गेली असती. मी तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही दोनदा ऐकलं नाहीत, म्हणून मोटार बंद करून तिसऱ्यांदा सांगतेय. मंचर नाही, दुसरंही कुठलं स्थळ नाही. दुकान बंद होणार नाही."

"आन् म्या न्हाई म्हनलो तर?"

"तरी मी घरातच राहीन. रोज सांगेन. तुम्ही मला कुठं घालवणार?"

सयाजींनी हात पुढे केला. "ग्रिप आन हिकडं."

तिने दिली. ते ती मुठीत घेऊन उभे राहिले. गाणं संपेपर्यंत त्यांनी ती लावली नाही. मग लावली, कांदा काही कुणाची वाट पाहत नाही. मोटार गुरगुरली, पाणी आलं, आणि पलीकडचं दुसरं गाणं सुरू होता होता खाली बसलं. नूतन घराकडे चालू लागली. आईला सांगायचं राहिलं होतं. सूर घोगरा झाला, चिखलात रुतला, पण थांबला नाही. घराच्या पायरीपर्यंत तो तिच्या मागून येत होता.

रविवारी कोणी आलं नाही. सयाजी लेकीशी बोलले नाहीत, पण तिच्यावर ओरडलेही नाहीत. आईने दोघांची ताटं शेजारी मांडली.

सोमवारी सकाळी सयाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, कडक टोपी घातली, बायकोला "जाऊन येतो," म्हणाले आणि पहिल्या गाडीने गेले. कुठे, ते सांगितलं नाही. नूतनने नेहमीच्या वेळेला दुकान उघडलं.

दुपारी ऋतिक आला. मागे सतरंजी नव्हती, पेटी नव्हती.

"आहुप्याच्या एसटीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "परतताना डिंभ्याला रेंज आल्यावर त्याने फोन केला. कडक टोपीवाले एक पावणे शेवटच्या थांब्याला उतरले. असवल्यांचं घर विचारत होते."

नूतनच्या हातातला स्टार्टर तसाच राहिला. "सोबत कोणी?"

"एकटेच."

"घरी कोण आहे तुझ्या?"

"आई. एकटी."

"घाबरेल ती?"

"आईची काळजी नाय. ती बोलायला बसली की तुझ्या आबांना परतीची गाडी सापडायची नाय."

तिला हसू आलं, पण पुरतं नाही. तिने आबांना फोन लावला. आहुप्यात रेंज नसते, हे माहीत असून लावला. मग ती काउंटरची फळी वर करून बाजूला झाली, आणि तो पहिल्यांदाच आतल्या बाजूला येऊन स्टुलावर बसला. गल्लीतल्या चहावाल्याने पाहिलं, समोरच्या झेरॉक्सवाल्यानेही पाहिलं. नूतनने दोन चहा सांगितले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

आहुप्याहून संध्याकाळची गाडी सुटायची वेळ होऊन गेली. सयाजी तिच्यात बसले की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सहाला नूतनने पुन्हा फोन लावला. तो अजून कव्हरेज क्षेत्राबाहेर होता. तिने शटर खाली ओढलं नाही, आणि ऋतिकही उठला नाही.