निर्दोष गाठ

"माझा कॅन्सर चोरीला गेलाय!"

बाईंनी दारातूनच ललकारी दिली. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या, हळू बोलणं कधी जमलंच नाही. भावजींचा चहा कपातून बशीत आणि बशीतून पँटवर गेला.

"भावजी, आधी फडकं घ्या, मग वही," वहिनी म्हणाल्या. खासगी तपासाचा धंदा वहिनींचा, नोंदी ठेवायचं काम त्यांच्या दिराचं. "बसा कंडक्टरबाई. कसा चोरीला गेला?"

"आतड्यातली गाठ कापून काढली. पण तिची पिल्लं लिव्हरमध्ये जाऊन बसलीत. डॉक्टर म्हणाले, गाठीच्या जनुकांत भरपूर बिघाड असतील तर शरीराच्या पहारेकऱ्यांना ती परकी वाटते. मग त्या पहारेकऱ्यांना बळ देणारी इम्युनोथेरपी लागू पडायची शक्यता जास्त. तपासणी केली, आणि हा रिपोर्ट आला. बिघाड शून्य! परवा सकाळी साधी केमो सुरू करणार. चांगल्या औषधाच्या यादीतून मला उतरवलं हो!"

"शून्य?" भावजी खूश झाले. "म्हणजे बऱ्या झालात की!"

बाईंनी असं बघितलं की भावजी पुन्हा फडकं शोधू लागले.

वहिनींनी रिपोर्ट वाचला. डोळे चमकले. "कमी नाही, शून्य! भावजी, छत्री घ्या. लॅबमध्ये जायचंय."

"पाऊस नाहीये, वहिनी."

"मग राहू द्या. पण चला! कंडक्टरबाई, तुम्हीही!"

लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट देणारा कारकून होता. भावजींनी त्याला तिथेच धरला. "पाकिटं बदललीस ना? खरं सांग!"

"काका, पाकिटं बदलली तरी काय? बाईंचं रक्तही तपासलंय. गाठीचा तुकडा आणि रक्त एकाच व्यक्तीचं, हे मशीनच सांगतं. दुसऱ्या पानावर छापलंय बघा."

भावजींनी दुसरं पान बघितलं आणि वहीतलं 'आरोपी सापडला' खोडलं.

आतल्या खोलीत तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर मायक्रोस्कोपला चिकटून बसल्या होत्या. मान वर न करताच बोलल्या, "माझी चूक नाही. काचेवर बाईंच्या तुकड्याची चकती होती, आडव्या ठेवलेल्या बदामासारखी. वरच्या अर्ध्यात गाठ, खालच्या अर्ध्यात निरोगी आतडं. गाठीभोवती मी पेनानं गोल काढला. काचेच्या मागच्या बाजूला. पुढे काढला तर पुसला जातो."

"आणि पुढे?"

"पुढे टेक्निशियन. गोलाच्या आतलं तेवढं खरवडून तपासणीला पाठवतो."

टेक्निशियन मिशाळ, गंभीर आणि घामाघूम. त्याच्या टेबलावर काचा खालून उजळणारी दिव्याची पेटी मेलेली पडली होती. खिडकीच्या तावदानावर चिकटपट्टीनं काचा लावलेल्या.

"पेटी तीन आठवडे बंद आहे," तो म्हणाला. "अर्ज दिलाय. म्हणून खिडकीच्या उजेडावर काम करतो. डॉक्टरांची काच तावदानावर लावायची, शाईची बाजू माझ्याकडे, म्हणजे ठळक दिसते. त्यावर त्याच तुकड्याची दुसरी, बिनरंगाची काच ठेवायची, गोल गिरवायचा, खरवडायचं."

भावजी खिडकीत वाकले. "अहो, या लेबलांची अक्षरं रस्त्याकडे तोंड करून का? येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही वाचता यावीत म्हणून?"

"भावजी!" वहिनींनी टाळी वाजवली. "अहो, केस सोडवलीत तुम्ही!"

"मी?" भावजी ताठ झाले. "कशी?"

"तेच सांगते. कंडक्टरबाई, डॉक्टर, इकडे या सगळे."

वहिनींनी भावजींच्या वहीचं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर काढलं. त्यावर आडवा बदाम काढला, वरच्या अर्ध्यात गोल.

"गाठ आणि बिघाड नाही, हे अशक्य. बिघाड झाला म्हणूनच तर गाठ झाली. म्हणजे मशीनमध्ये गाठ गेलीच नाही. पण रक्त जुळलं, म्हणजे परकं काही गेलं नाही. गेलं ते बाईंचंच निरोगी आतडं. ते कुठे होतं?"

"खालच्या अर्ध्यात," डॉक्टर पुटपुटल्या.

"शाई मागे. शाई आपल्याकडे हवी, म्हणून यांनी काच उलटवली. लेबल रस्त्याकडे गेलं." वहिनींनी वरची कड खाली घेत कव्हर उलटं केलं. गोल खाली आला. "आणि वरचं खाली!"

"पण बाकीच्यांचे रिपोर्ट बरोबर आले!" टेक्निशियन कळवळला.

"त्यांचे तुकडे वेडेवाकडे. दोन काचांवरच्या तुकड्यांचा आकार जुळला नाही की तुम्ही काच पुन्हा उलटवत असणार."

"हो... उलटवतो."

"आडवा बदाम मात्र उलटा करा, सुलटा करा, तसाच दिसतो. जुळला, म्हणून तुम्ही खरवडलं."

कंडक्टरबाई गरजल्या, "म्हणजे माझं आतडं सुबक, ही माझी चूक?"

टेक्निशियननं कान पकडले, मग कपाट उघडलं. बाईंच्या अजून दोन काचा शिल्लक होत्या. वहिनींनी तिथूनच बाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. केमो बारा दिवस पुढे गेली. या वेळी तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर स्वतः टेक्निशियनच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

अकराव्या दिवशी सकाळी दार धाडकन उघडलं.

"बिघाडच बिघाड!" कंडक्टरबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "पान भरलंय नुसतं! इतकी नालायक गाठ डॉक्टरांनी वर्षात बघितली नाही म्हणे! मी पात्र!"

"लागू पडेलच अशी हमी..." भावजींनी सुरुवात केली.

"नाहीये. विचारलं मी. पण संधी मिळाली ना! आजच अकरा वाजता पहिला डोस आहे. चला, दोघंही. आत एकालाच सोडतात, पण बघते मला कोण अडवतं!"