आन् त्याची माय?

"झोपेतून उठवा, तापात विचारा, सात पिढ्या खडाखडा म्हणून दाखवतो! एक नाव चुकलं ना, तर याच पेटीत बसीन अन् वरून कुलूप लावून घेईन!"

हे आमचे अयूबमामू. राजुऱ्यात त्यायचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. लग्नात देतात त्या मोठ्या पेट्या, फुलं रंगवलेल्या. गिऱ्हाइकाले पेटीचा भाव नंतर समजे, मामूच्या सात पिढ्या आधी.

त्याच मामूले पुढं एका नाक्यावर बापाचं नाव सांगता आलं नाई.

हसू नका.

मी बाजूलेच बसलो होतो. जे सांगून राह्यलो ते सगळं माह्या डोळ्यासमोर झालं, २००३ च्या मे महिन्यात. अन् ही रात्रीबित्रीची गोष्ट नाई. आमच्याकडे मे महिन्यात दुपारीच रस्त्यावर कुत्रं दिसत नाई. भुताले रात्रीची वाट पाहायची गरजच काय?

मामू 'राजुरा विभाग वंशावळ मंडळा'चे अध्यक्ष. मी त्यायचा भाचा रईस, म्हणून फुकटातला सचिव. दुकानाच्या माडीवर बैठक व्हायची. दर बैठकीत कोणीतरी आपल्या परदादाचा शोध लावून यायचा. मजा अशी, की कोणाचाच परदादा घोड्याची लीद उचलणारा निघाला नाई. सगळे घोड्यावरच बसलेले. कोणी गोंडराजाच्या दरबारात, कोणी निजामाच्या फौजेत. मंग घोड्याले दाणा कोण टाकत होतं, हे मंडळाले शेवटपर्यंत सापडलं नाई.

बाया तर कोणाच्याच वंशावळीत नव्हत्या. माडीच्या भिंतीवर मामूचा वंशवृक्ष रंगवला होता. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. जसे सगळे आंब्यासारखे झाडालेच लागले होते.

त्या साली मंडळानं नवं काम काढलं. प्रत्येकाच्या तोंडून त्याची वंशावळ कॅसेटवर भरून ठेवायची. पहिली कॅसेट अध्यक्षांची, हे सांगायले नको.

मामूले घाईही होती. त्यायची एकुलती एक पोरगी रूही. नागपूरले शिकताना हैद्राबादचा एक पोरगा तिले पसंत पडला होता. पोरगा चांगला. पण त्याची माय कहकशाँ बेगम... तिनं फोनवर ना पोरीची डिग्री विचारली, ना स्वैपाक.

"खानदान कौनसा?"

बस. मामूले तर ईदच झाली. मंडळाच्या वार्षिक सभेत पाहुण्यायसमोर सात पिढ्या वाचायच्या, अन् कॅसेट आधीच हैद्राबादले पाठवायची, असं ठरलं.

मी टेपचं बटन दाबलं. मामूनं घसा साफ केला.

"मी अयूब. माहा बाप बशीर. बशीरचा बाप करीमुद्दीन..."

असं करत करत बुखाऱ्याहून आलेल्या सातव्या पूर्वजापर्यंत. मी कॅसेट मागं घेऊन लावली.

"मी अयूब. माहा बाप बशीर..."

थोडी खरखर...

अन् बाईचा आवाज.

"आन् त्याची माय?"

मामू खाली तोंड करून ओरडले, "शहजादी! चहा सांगितला होता तुले, सवाल नाई!"

खालून कोणी ओ देल्ली नाई. शहजादीमामी सकाळीच बल्लारशाले बहिणीकडे गेली होती.

"जुनी कॅसेट आणली असन तू," मामू मले म्हणले. "झाडीपट्टीच्या नाटकाची. त्या नाटकात बाया अशाच बोलते."

मी नवी कॅसेट फोडली. वरचा प्लास्टिकचा कागद मामूनं स्वतः काढला.

"...माहा बाप बशीर..."

कूलरची घरघर...

"आन् त्याची माय?"

या वेळी जवळून. जसं कोणी माइकवर वाकून बोलून राह्यलं.

मी मामूकडे पाह्यलं. मले वाटलं घाबरले असन. नाई. ते रागावले होते.

"बंद कर ते. अन् कोणाले सांगू नको."

कॅसेट हैद्राबादले गेली नाई. मंग मामूनं दुसरी युक्ती काढली. करीमुद्दीन म्हणजे मामूचे दादा, बापाचे बाप. त्यायची म्हणे एटापल्लीकडे जंगलात हवेली होती. तिचा फोटो पाठवायचा. झालं, मी अन् मामू जीप करून निघालो.

गावाचं नाव सांगत नाई. हवेलीच्या जागी एक मोहाचं झाड होतं, अन् खाली बकऱ्या बसल्या होत्या.

"पडली असन हवेली," मामू म्हणले.

"पडाले ती उभी तं पाहिजे होती जी," मागून कोणीतरी बोललं.

चैतूबाबा नावाचा म्हातारा होता. मामूचं नाक, कान, कपाळ नीट पाह्यलं त्यानं. अन् तोंडात दात नाई तरी मस्त हसला.

"आला का गा? लय उशीर केला सोमारीच्या नातवानं."

"कोण सोमारी?" मी विचारलं.

"रईस, फोटो काढ," मामू म्हणले.

म्हाताऱ्यानं मलेच सांगितलं. करीमुद्दीन दरबारी नव्हता न काही नव्हता. लाकूड ठेकेदाराचा मुनशी होता. याच गावात सोमारीसंग त्यानं घर केलं. पोरगा झाला, बशीर. पोरगा चालायले लागला तसा मुनशी म्हणला, याले बाजार दाखवून आणतो. पोराले खांद्यावर बसवलं अन् गेला.

गेला तो गेलाच. राजुऱ्यात दुसरं लग्न केलं. पोराले सांगितलं, तुही माय हैद्राबादची बेगम होती, मेली.

"सोमारी रोज रस्त्यावर जाऊन पोराले हाका मारे," चैतूबाबा म्हणला. "गळा बसला, तरी मारे. माह्या आजीनं पाह्यलं तिले. मेली, तवा गाव म्हणलं, मेल्या माणसाले घरच्यात मिळवून घ्यायचं काम पोराचं. पोरगा येईन, करन. पोरगा आलाच नाई. ती तशीच आहे जी... बाहेर."

"मंग आता काय करायचं बाबा?"

"नाव घ्या तिचं. आमच्या घरची आहे म्हणा. तुमी तं नावं घ्यायचं मंडळच काढलं म्हणता ना?"

मामूचं तोंड लाल झालं. सगळ्या गावाले ऐकू जाईन असे ओरडले,

"माह्या खानदानात अशी कोणी बाई नाई!"

मोहाखालच्या बकऱ्या एकदम उठल्या...

अन् आवाज न करता निघून गेल्या.

म्हाताऱ्याचं हसू गेलं. "असं नव्हतं म्हणायचं गा," तो म्हणला, अन् घरात जाऊन दार लावून घेतलं.

येताना नाक्यावर पोलिसायनं गाडी अडवली. नक्षल्यायच्या भीतीनं त्या दिवसांत तिकडे सगळ्यायलेच नाव-गाव विचारत.

"नाव?"

"अयूब."

"बापाचं नाव?"

मामूनं तोंड उघडलं...

बंद केलं.

परत उघडलं.

"चाचा, बापाचं नाव विचारून राह्यलो."

"होतं," मामू म्हणले. "आताच होतं इथी."

शिपायानं बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. जंगलातल्या रस्त्यावर बापाचं नाव न सांगणारा माणूस म्हणजे कसा संशय, तुमीच पाहा. मी मधात पडलो, "बशीर, साहेब! माहे नाना होते ते!"

मामूनं माह्याकडे वळून पाह्यलं.

"कोण बशीर?"

ऊन उतरेपर्यंत बसवून ठेवलं आमाले. सोडलं तवा मामू समोर ड्रायव्हरजवळ बसले, मी मागं एकटा. गाडी सुरू झाली, अन् माह्या कानाजवळ...

"आन् तुही माय?"

बाजूची सीट रिकामी होती. दबली मात्र होती, कोणी बसल्यासारखी.

"जुबेदा," मी कसाबसा बोललो. "माही माय जुबेदा. बशीरची पोरगी."

सीट हळूच वर आली.

मले पुन्हा कधी तो सवाल आला नाई.

मामूचं तसं नव्हतं. रोज एखादं नाव जाये. भिंतीवरच्या झाडाखाली उभे राहत, नाव वाचत, अन् तोंडात येईस्तोवर गायब. गिऱ्हाईक मुद्दाम विचारत, "मामू, होऊन जाऊ द्या सात पिढ्या!" मामू म्हणत, "आज पेटीचाच भाव विचार."

एक दिवस दुपारी दुकान बंद होतं. मी अन् रूही आत हिशेबाले बसलो होतो.

ठक्...

पत्र्यावर बोट वाजवल्यासारखं.

ठक्... ठक्...

सगळ्यात मोठ्या पेटीतून.

रूहीनं झाकण उचललं. आत मामू. गुडघे छातीशी घेऊन बसलेले, घामानं भिजलेले.

"अब्बा! हे काय करून राह्यले?"

"नाव चुकलं ना," मामू म्हणले. "ती विचारून राह्यली, कुलूप लावू का?"

आमी दोघायनं ओढून बाहेर काढलं. रूहीनं त्यायले पाणी पाजलं, अन् मंग तिनं तो विषय काढला. मी तिले सगळं सांगितलं होतं.

"अब्बा, घ्या न तिचं नाव. तुमच्या अब्बाची माय होती ती."

"माहीत आहे मले." मामू हळूच म्हणले. "अब्बाले लय उशिरा समजलं. मरताना तिलेच हाका मारत होते. पण आता तिचं नाव घेतलं तर तुहं लग्न मोडते."

"मोडू द्या."

"रडत बसशीन."

"बसीन. तुमी पेटीत बसण्यापेक्षा ते बरं."

"नाई म्हणजे नाई! एका जंगलातल्या बाईसाठी बुखारा सोडून देऊ?"

पेटीचं झाकण आपोआप खाली पडलं. धाडकन.

सभेच्या दिवशी मंडप भरला. समोरच्या खुर्चीत कहकशाँ बेगम, अत्तर लावून. चारी बाजूले कूलर. मी मामूच्या मागं पडद्याआड, हळूच नावं सांगायले.

"मी..."

"अयूब," मी पुटपुटलो.

"मी अयूब!" टाळ्या पडल्या. "माहा बाप..."

"बशीर."

"माहा बाप बशीर!"

अन् कर्ण्यातून, साऱ्या मंडपाले ऐकू जाईन असं...

"आन् त्याची माय?"

"ये कौन बोल रही है?" कहकशाँ बेगमनं विचारलं.

"मशीन खराब है जी," मामू हसले.

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग.

कूलर थांबले. माइक मेला. मंडपात नुसता उकाडा...

अन् त्या बंद कर्ण्यातून...

"आन् त्याची माय?"

"बेगम होती!" मामू किंचाळले. "हैद्राबादची बेगम होती!"

मंग कर्ण्यातून हाक आली. गळा बसलेली. लांब रस्त्यावरून मारल्यासारखी.

"बशीऽऽर..."

मंग जे झालं ते मंडळाच्या अहवालात कोणी लिहिलं नाई. उपाध्यक्ष आपल्याच परदादाच्या तसबिरीत पाय अडकून पडले. त्यायच्यावर कोषाध्यक्ष पडले. दोघायच्या अंगावर मंडपाचा बांबू. निजामाच्या फौजेतले सगळे वंशज मागच्या कनातीखालून सरपटत बाहेर गेले. कहकशाँ बेगम एकाच पायात चप्पल घालून हैद्राबादले रवाना झाल्या.

मंचावर मामू एकटे उभे होते. रूही वर गेली. त्यायचा हात धरला.

"अब्बा, चला घरी."

मामूनं तिच्याकडे पाह्यलं. अदबीनं, पाहुण्याच्या पोरीकडे पाहतात तसं.

"बेटा, तू कोणाची?"

रूही जागेवरच थांबली. मले वाटलं पडते आता. पण तिनं कर्ण्याकडे तोंड केलं अन् साफ बोलली,

"मी रूही. अयूबची पोरगी. अयूब बशीरचा. बशीर सोमारीचा. सोमारी आमच्या घरची."

कर्ण्यातून काहीच आलं नाई.

लाइट आली. कूलर सुरू झाले.

मामूले सगळं आठवलं. बशीर, करीमुद्दीन, सातही पिढ्या, थेट बुखारा.

रूही सोडून.

डॉक्टर म्हणले, ऊन लागलं. आमी म्हणलं, हाव.

रूही मलेच घेऊन त्या गावाले गेली. सोमारीसाठी जे करायचं ते चैतूबाबानं तिच्या हातून करून घेतलं. "आता ती घरात आली," म्हणला. मी विचारलं, "मंग बाबा, मामूले पोरगी काऊन आठवत नाई अजून?"

म्हाताऱ्यानं माह्याकडे पाह्यलं.

"तिचं पोरगं तिले कोणी परत देल्लं का गा?"

मंडळ बंद पडलं. सामान उचलताना बाकीच्यायच्या कॅसेटी माह्याकडे आल्या. यायचा सोमारीशी काय संबंध? म्हणून एक लावली. गोंडराजाच्या दरबारवाल्यायची.

"...माहा बाप..."

खरखर...

"आन् त्याची माय?"

तो सोमारीचा आवाज नव्हता.

दुसरी लावली. तिसरी लावली. सवाल तोच. बाई प्रत्येक वेळी वेगळी. एक तर विचारायच्या आधी खोकलली.

जाळायची हिंमत झाली नाई. माडीवर पेटीत ठेवल्या आहेत. दुपारी मी तिकडे जात नाई.

रूहीचं लग्न पुढं बल्लारशाच्या एका मास्तरासंग झालं. मामूले आमी नवी शेरवानी घालून समोर बसवलं. ते पोटभर जेवले, बिर्याणीची तारीफ केली. जाताना नवरीच्या हातात पाकीट देल्लं, डोक्यावर हात ठेवला अन् म्हणले, "खुश राहा बेटा. तुहे अब्बा कुठी दिसले नाई."