पुसलेली तारीख

"विहीर नाही, दूध नाही, चिंचेखालची सावलीही नाही. मग हयवदनला ताप येतो कुठून?" विद्याधरने वहीतली तिसरी ओळही खोडली.

वसुमतीचं डोकं चक्रावून गेलं होतं. तिचा धाकटा भाऊ दिवसाआड दुपारी कुडकुडायचा, तापाने फणफणायचा आणि दुसऱ्या दिवशी खुशाल कैऱ्या पाडायला निघायचा. बनशंकरी गावातल्या या घरीच त्याची मुंज दहा दिवसांवर आलेली. ती पुढे ढकलावी लागणार, या धास्तीने आईला अन्न गोड लागत नव्हतं.

"हा हिवतापच. आजाऱ्याच्या रक्तातले जंतू डास उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगात सोडतो," विद्याधरची बहीण अलका म्हणाली. ही भावंडं गेल्याच वर्षी पुण्याहून शेजारी राहायला आलेली.

"पण महिन्यापूर्वी फवारणी झाली की! स्वल्प कोपराही सोडला नाही त्यांनी," वसुमती म्हणाली. "पलीकडच्या गंगव्वाकडेही त्याच दिवशी झाली. तिथे सगळे ठणठणीत."

गोंधळ वाढला तशी तिघं गंगव्वाच्या झोपडीकडे धावली. भिंतींवर औषधाचे पांढरे डाग होते, दारावर फवारणीवाल्यांनी रंगवलेली तारीख होती. त्यांनी पुसू नका म्हटलं, म्हणून आपण सारवलंही नाही, असं गंगव्वाने सांगितलं.

वसुमती घरी पळाली. त्यांच्या दारावर तारीखच नव्हती.

"अप्पा, तारीख कुठे गेली?" तिने वडिलांना विचारलं.

"मुंजीचं घर हे. डाग दाखवायला पाहुणे बोलावू? दुसऱ्याच दिवशी भिंतींना चुना काढला, दारं रंगवली," अप्पा ऐटीत म्हणाले.

"औषध त्या डागांतच होतं, अप्पा. चावून आलेला डास भिंतीवर टेकला की मरायचा. आपण त्याला चुन्याची गादी घातली."

अप्पांनी चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवला. वसुमतीला त्यांची कीव आली. मग ते स्वतःच सायकलवरून हिवताप खात्याच्या माणसाला घेऊन आले. हयवदनच्या बोटाचं रक्त काचेवर गेलं, त्यात जंतू सापडले आणि कडू गोळ्या सुरू झाल्या. फवारणीही पुन्हा झाली.

मुंज ठरल्या दिवशीच लागली. मुंज लावायला आलेल्या भीमाचार्यांनी डागाळलेल्या भिंतींकडे पाहिलं. "त्रिविक्रमा, यंदा चुना नाही?"

"आहे, डागांखाली," अप्पा म्हणाले. " पोराचा ताप माझ्याच हौसेने घरात राहिला, आचार्य. या तिघांनी तो शोधून काढला."

पंगत उठल्यावर अप्पांनी चुन्याचा कुंचा वसुमतीच्या हाती दिला. "हा तू ठेव. मी मागितला तरी दारावरची तारीख बघितल्याशिवाय देऊ नकोस."