नाक्यापलीकडं गेलेली बाई

"आधी काठी, मग पाऊल. घाई असली तरी उलटं करायचं न्हाय, रुद्रम्मा."

बाभळीची काठी हातात देताना सासूबाईंनी सांगितलं होतं. विषमज्वरातून मी उठले, पण तोल गेला तो गेलाच. जमीन पाण्यावर सोडलेल्या फळीसारखी हलायची. वैद्य म्हणाले, कानाच्या आतला दोष आहे, देवऋषी नको. मलाही ते पटलं. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसले, की तेवढा वेळ सगळं स्थिर असे. त्याआधी मी पाणीसुद्धा घेत नसे.

माझी गौरा बार्शीला दिलेली. भूमहून तिच्याकडं जायचं, तर निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जावं लागे. तिचं पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले तेव्हा मी शब्द दिला, "या वेळी तुझं डोकं माझ्या मांडीवर असंल."

शेहेचाळीसच्या चैत्रात शेजारच्या बलभीमनं गाडी जुंपली. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"अक्का, काठी, गाठोडं, विभूतीची डबी... इलायतेला निघाल्या जणू!"

"परमुलूखच की रे तो."

"मग येताना मला एक मेम आणा."

नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. जकातीची चौकी, रस्त्यावर आडवा बांबू, एक कडुलिंब, त्याखाली पाण्याचा रांजण. गाडी इथूनच माघारी फिरणार होती. पुढं जावई शिवलिंगप्पा टांगा धाडणार होते. टांगा दिसत नव्हता.

चौकीवरचा जवान मला बघून हसला.

"काय बाई, पुन्हा इकडूनच? माघारी कधी गेल्या? काही राहिलं का?"

"मी आत्ताच येतेय."

"मस्करी करता का गरिबाची? सकाळीच गेल्या की तुम्ही. टांगेवाल्याला म्हणालात, जा, मी चालत येते."

बलभीम मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही.

"दुसरी कुणी असंल," मी म्हणाले. "आमच्यातल्या समद्या बायका विभूती लावतात."

"हेच इरकल लुगडं, हाच चेहरा. त्या लिंबाखाली पूजा केली, मग पाणी मागितलं." त्यानं उजवा तळवा पुढं केला. "लिंग असं हातावर घेऊन पूजा केली."

"डाव्या."

"न्हाय बाई, उजव्या. मी समोरच होतो."

आम्हा लिंगायतांत उजव्या तळव्यावर लिंग कुणी घेत नाही.

तो आत गेला आणि एक काठी घेऊन आला. "ही ठेवून गेल्या. आता लागत न्हाय, म्हणालात."

बाभळीचीच. तीच गाठ, बुडाला तसंच लोखंडी कडं. माझ्या काठीवर उजव्या अंगठ्यानं झिजून एक खळगा पडला होता. हिच्यावरही होता, पण डाव्या हाताच्या अंगठ्याचा. मी बोट लावून पाहिलं.

खळगा घामानं ओला होता.

"अजून काय म्हणाली?"

जवान आता हसत नव्हता.

"म्हणाल्या, मागनं एक बाई येईल. तिला चक्कर येते. तिला पुढं सोडू नका. लेकीपाशी आई पोचली, म्हणून सांगा."

बलभीमनं गाडी वळवायला घेतली. "अक्का, चढा. माघारी चला."

मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. गौराला कळा सुटल्या असतील. तिचं डोकं या घटकेला कुणाच्या मांडीवर असेल?

"बांबू उचला."

"दोन कोस आहे बाई. पडाल कुठं तरी."

"उचला बाबा."

त्यानं उचलला.

ती काठी मी लिंबाला टेकवून ठेवली. माझी घेतली.

पलीकडच्या फुफाट्यात अनवाणी पावलं उमटली होती. सरळ, कुठंही न डगमगता बार्शीकडं गेलेली.

थोड्या थोड्या अंतरावर ती थांबली होती. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पावलं जोडून, नाक्याकडं तोंड करून.

मी त्या पावलांच्या कडेकडेनं चालू लागले.