मनोऱ्याचं एक फूल

"शिफ्ट सोडू नका," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दचकून माझं बोट नेमकं शिफ्टवरून सुटलं. क्लिक भलतीकडेच पडलं.

पडद्यावरच्या स्लाईडमध्ये बतुकम्मा होती, तेलंगणातल्या सणाचा फुलांचा मनोरा. तळाशी गुनुगूचे पांढरे तुरे, वर तंगेडूची पिवळी फुलं, मग झेंडू. प्रत्येक फूल मी वेगळं काढलेलं. भोवती फेर धरलेल्या बायका. झेंडूचा रंग बदलायला म्हणून मी फुलांचा एकत्र बांधलेला गट मोडला, आणि आता मनोरा मधोमध सरकवायला शिफ्ट धरून एकेक फूल निवडत बसले होते. चौकट ओढून निवडावं, तर बायकाही सापडायच्या. दुपारी पोचमपल्लीच्या विणकरांसमोर हे दाखवायचं होतं. निवडलेलं सगळं त्या एका क्लिकमध्ये सुटलं.

"तुम्ही बोलला नसतात तर सोडली नसती," मी वळून म्हणाले.

तो तारक. विशाखापट्टणमच्या शाखेतून महिन्याभरासाठी हैदराबादला आलेला. माऊसला हात न लावता नुसती कीबोर्डच्या कळांवर बोटं चालवतो म्हणून आमच्या ऑफिसातल्या पद्मक्का त्याला 'पेटीवाले' म्हणायच्या.

"हिमजागारू, एकच फूल निवडा," तो तेलुगू अदबीने म्हणाला. "कुठलंही. आता कंट्रोल, शिफ्ट, जे. मोडलेला गट परत जुळतो."

मी दाबलं... आणि सगळ्या मनोऱ्याभोवती एकच चौकट उमटली. एकूण एक फूल आत, बाई एकही नाही. मी बाण दाबला, तशी सगळी बतुकम्मा हलकेच सरकली, पाण्यावर सोडल्यासारखी.

माझ्या अंगावर काटा आला. त्या फुलांना आपण कुणाबरोबर होतो ते आठवत होतं!

मग रोज चहाला आम्ही बरोबर. तो मला कळा शिकवायचा, मी त्याला उस्मानिया बिस्किट न तुटता बुडवायला. ते त्याला काही जमलं नाही. पद्मक्का म्हणायच्या, पेटीवाल्यांची साथ फार रंगतेय हल्ली. मी हसून मान खाली घालायची... पण त्याची बोटं न बघता कळांवरून फिरायची, तेव्हा माझं बघणं थांबायचं नाही.

महिना संपत आला. इथेच राहणार का, असं त्याला वरून विचारलं होतं. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. काय सांगणार, ते तो बोलत नव्हता आणि मी विचारत नव्हते.

दुपारी त्याने एक फाईल तपासायला दिली. स्लाईडच्या कडेबाहेर, जिथे आम्ही नको ते तुकडे टाकून ठेवतो, तिथे चहाचे दोन कप काढलेले होते. पुसण्याआधी मी एक ओढून बघितला, तर दुसराही मागोमाग आला.

मी बघतच राहिले. इतकुसे ते दोन कप, एका गटात बांधलेले.

तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. "वेगळे करायचे असतील तर कंट्रोल, शिफ्ट, जी," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "माझी हरकत नाही... म्हणजे, आहे. पण तुम्ही ठरवा."

मी कपांशेजारी एक गोल बिस्किट काढलं. तिन्ही निवडली. कंट्रोल, जी. तिन्हींचा एकच गट.

तो खिडकीकडून पडद्याकडे वळला.

"मग... राहतो म्हणून वर कळवू का?"

"कळव," मी म्हणाले. 'कळवा' म्हणायचं होतं, पण तो एक 'आ' कुठे राहिला, माझं मलाच कळलं नाही.